रेणूंच्या साखळ्या आणि तारापूरचा परिसर
नियंत्रित बहुवारिकीकरण : एक परिचय

बोईसर स्थानकात सकाळची गाडी थांबली, की कामगारांचे थवेच्या थवे औद्योगिक वसाहतीच्या दिशेने चालू लागतात. कोणी विरारहून आलेला असतो, कोणी डहाणूहून, तर कोणी विक्रमगडच्या पाड्यावरून आधी जीप आणि मग गाडी असा प्रवास करून आलेला असतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या तारापूर वसाहतीत औषधांचा कच्चा माल, रंग, रंगद्रव्ये, कापड, पोलाद अशा नाना वस्तूंचे उत्पादन होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा झाला, आणि ही वसाहत नव्या जिल्ह्याच्या अर्थव्यवहाराचा एक प्रमुख आधार ठरली.

काही दिवसांपूर्वी पंचायत सदस्यांच्या एका प्रशिक्षण वर्गात प्रस्तुत लेखकास एका सदस्या भगिनीने विचारले, "साहेब, आमच्या पाड्यावरची पोरं कंपनीत जातात. काय बनवता म्हणून विचारलं, तर पॉलिमर म्हणतात. पॉलिमर म्हणजे आपली प्लास्टिकची पिशवीच ना? मग तिच्यासाठी एवढ्या मोठ्या टाक्या, एवढा वास आणि आत जायची एवढी बंदी कशाला?" लेखक कला शाखेचा पदवीधर. त्या वेळी समाधानकारक उत्तर देता आले नाही. पुढे जाणकारांना विचारून आणि वाचून जे समजले, ते या लेखात मांडले आहे. ज्या गावाच्या वेशीवर रसायनांचे कारखाने आहेत, त्या गावाच्या शिक्षकाला आणि सरपंचाला त्या रसायनांची तोंडओळख असणे ही आज चैन राहिलेली नाही.

बहुवारिक म्हणजे काय?

पॉलिमर या शब्दाला मराठीत बहुवारिक अशी संज्ञा आहे. एकाच प्रकारचे, किंवा दोन-तीन प्रकारचे, लहान रेणू शेकड्यांनी व हजारांनी एकमेकांस जोडले गेले म्हणजे जो लांबलचक रेणू तयार होतो, तो बहुवारिक होय. ज्या लहान रेणूपासून तो बनतो त्यास एकवारिक म्हणतात, आणि जोडणीच्या क्रियेला बहुवारिकीकरण. कापूस, रेशीम, रबर आणि तांदळातील स्टार्च ही निसर्गाने घडविलेली बहुवारिके आहेत, तर नायलॉन, पॉलिस्टर, पॉलिस्टायरीन ही मानवाने घडविलेली. अशा पदार्थांत खरोखरच लांब साखळीसारखे रेणू असतात, हा विचार जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये मांडला. तेव्हा अनेक विद्वानांनी तो अमान्य केला. त्याच कार्याबद्दल १९५३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

तेव्हा पिशवी हे बहुवारिकाचे एक रूप झाले, पण ते एकमेव रूप नव्हे. ज्या बहुवारिकाच्या साखळीवर विशिष्ट काम करणारे अणुगट मुद्दाम बसविलेले असतात, त्यास कार्यकारी बहुवारिक म्हणतात. कोणी पाण्यातील क्षार पकडतो, कोणी पाणी शोषून धरतो, कोणी रंगाचे कण शाईत तरंगते ठेवतो, तर कोणी औषध शरीरात सावकाश सोडतो. अशा बहुवारिकाचे मोल त्याच्या वजनावर नसते. साखळी किती लांब आहे आणि कोणता गट तिच्यावर नेमका कोठे बसला आहे, यावर ते ठरते. म्हणूनच साखळी घडविण्याच्या क्रियेवर ताबा हवा.

तारप्याच्या नाचातून समजणारे रसायन

पालघरच्या वाचकांना ही क्रिया समजण्यासाठी दूर जावयास नको. वारली समाजाचा तारपा नाच सर्वांनी पाहिलेला आहे. तारपकरी मध्ये उभा राहून वाजवितो आणि एकमेकांच्या कमरेत हात गुंफलेली नाचणाऱ्यांची रांग त्याच्याभोवती फिरत राहते. रांगेच्या टोकाच्या माणसाचा एक हात मोकळा असतो. नवा माणूस येतो, तो हात धरतो आणि आता त्याचा हात मोकळा राहतो. रांग अशी एकेकाने वाढत जाते. बहुवारिकाची साखळी अशीच वाढते, आणि टोकाचा मोकळा हात म्हणजे तिचे क्रियाशील टोक.

आता अशी कल्पना करू, की अंगणात अनेक रांगा एकाच वेळी नाचत आहेत आणि त्यांना कमालीची घाई आहे. दोन रांगांची मोकळी टोके समोरासमोर आली आणि त्यांनी एकमेकांचेच हात धरले, तर दोन्ही रांगांची वाढ तेथेच संपली. उद्योगात सर्रास वापरल्या जाणाऱ्या मुक्त मूलक बहुवारिकीकरणात असेच घडते. एखादी साखळी जन्माला येते, साधारण सेकंदभरात हजारो एकवारिके जोडून घेते आणि दुसऱ्या साखळीस भिडून संपते. तेवढ्यात तिसरी सुरू होते. परिणामी भांड्यात आखूड, मध्यम आणि फार लांब अशा साखळ्यांची सरमिसळ होते. बादली किंवा खुर्ची बनविण्यास ती चालते, परंतु नेमके काम करणारे बहुवारिक बनविण्यास ती बहुधा अपुरी पडते.

शिक्षकांसाठी येथे एक छोटे गणित देतो. तीन साखळ्यांत अनुक्रमे ९०, १०० आणि ११० एकवारिके आहेत. दुसऱ्या एका नमुन्यात तीन साखळ्यांत १०, ४० आणि २५० आहेत. दोन्ही नमुन्यांची साधी सरासरी १००च येते. पण प्रत्येक साखळीला तिच्या वजनाइतके महत्त्व देऊन सरासरी काढली, म्हणजे लांबींच्या वर्गांच्या बेरजेस लांबींच्या बेरजेने भागले, तर पहिल्या नमुन्यात सुमारे १००.७ आणि दुसऱ्यात २१४ येते. या दुसऱ्या सरासरीस पहिलीने भागले, की विषमतेचा अंक मिळतो. पहिल्या नमुन्यात तो जवळजवळ १, दुसऱ्यात २.१४. सर्व साखळ्या समान लांबीच्या असतील तर हा अंक बरोबर १ येईल. साध्या मुक्त मूलक पद्धतीत तो सामान्यतः १.५ ते २ किंवा त्याहून अधिक असतो. नियंत्रित पद्धतींत तो १.१ च्या आसपास आणता येतो. नुसत्या सरासरीवर विसंबू नये, हा धडा रसायनाबरोबर गावच्या उत्पन्नाच्या आकडेवारीलाही लागू आहे.

जिवंत साखळीचा शोध

साखळी मध्येच संपू नये, अशी व्यवस्था प्रथम १९५६ मध्ये अमेरिकेत झाली. मूळचे पोलंडचे मायकेल श्वार्त्स यांनी सोडियम आणि नॅप्थॅलीन यांच्या हिरव्या द्रावणात स्टायरीन घातले. द्रावण लाल झाले. सर्व स्टायरीन संपल्यावरही तो लाल रंग टिकून होता, आणि पुन्हा स्टायरीन घालताच त्याच साखळ्या पुढे वाढू लागल्या. अशा साखळ्यांच्या टोकावर ऋण विद्युत्भार असतो. समान भार एकमेकांस दूर लोटतात, त्यामुळे दोन टोके एकमेकांस भिडत नाहीत. श्वार्त्स यांनी या साखळ्यांना जिवंत बहुवारिके असे नाव दिले.

या पद्धतीचा लाभ असा, की साखळीची लांबी आधीच ठरविता येते. आरंभक द्रव्याच्या एका रेणूमागे १०० एकवारिके घेतली, प्रत्येक आरंभकाने एकच साखळी सुरू केली आणि क्रिया पूर्ण होऊ दिली, तर सरासरी साखळी १०० घटकांची होते. स्टायरीनचा रेणुभार १०४, म्हणून त्या साखळीचा रेणुभार सुमारे १०,४०० झाला. शिवाय पहिले एकवारिक संपल्यावर दुसरे घालून एकाच साखळीत दोन वेगळ्या स्वभावांचे खंड जोडता येतात. स्टायरीन-ब्युटाडाइन-स्टायरीन हे त्रिखंडी रबर याच मार्गाने तयार होते. १९६५ च्या सुमारास ते बाजारात आले. आज ते पादत्राणांच्या तळव्यांत असते आणि उन्हात न वितळता व थंडीत न तडकता टिकावे म्हणून महामार्गांच्या डांबरातही मिसळले जाते.

मात्र या पद्धतीची एक कठोर अट आहे. पाण्याचा अंश किंवा हवेचा संपर्क झाला, की जिवंत टोक तत्काळ मरते. कोकणपट्टीच्या दमट हवेत ही अट पाळणे किती खर्चाचे असेल, याची कल्पना वाचकांना सहज येईल.

नियंत्रणाचे तीन मार्ग

म्हणून शास्त्रज्ञांनी पुन्हा मुक्त मूलक पद्धतीकडेच लक्ष वळविले, कारण तिला पाण्याचे एवढे वावडे नाही. प्राणवायू मात्र येथेही दूर ठेवावा लागतो. उपाय सापडला तो असा : टोकाचा मोकळा हात बहुतेक वेळ झाकून ठेवावयाचा. तो क्षणभर उघडतो, एखाद-दुसरे एकवारिक जोडून घेतो आणि पुन्हा झाकला जातो. कोणत्याही क्षणी हजारांत एखादी किंवा त्याहूनही कमी साखळी जागी असते आणि बाकी सर्व झोपलेल्या असतात. त्यामुळे दोन जागी टोके भेटण्याची शक्यता फार घटते आणि सर्व साखळ्या आळीपाळीने, जवळजवळ सारख्या वाढतात. सेकंदात संपणारे काम काही तासांवर जाते, पण ते नीटनेटके होते.

याचे तीन मार्ग विशेष प्रसिद्ध आहेत. पहिल्यात नायट्रॉक्साइड नावाच्या द्रव्याचे टोपण वापरतात. ते उष्णतेने उघडते. ऑस्ट्रेलियातील शासकीय संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात या मार्गाचा पाया घातला गेला. दुसऱ्या मार्गात क्लोरिन किंवा ब्रोमिनचा अणू टोपणाचे काम करतो आणि तांब्यासारख्या धातूचे संयुग तो काढते व परत बसविते. १९९५ मध्ये अमेरिकेत क्रिस्टॉफ मातियाशेव्स्की यांनी, आणि स्वतंत्रपणे जपानात मित्सुओ सावामोतो यांनी, हा मार्ग दाखविला. तिसऱ्या मार्गात गंधकयुक्त संयुग एका साखळीकडून दुसरीकडे फिरत राहते आणि प्रत्येकीला वाढीची पाळी मिळते. हाही ऑस्ट्रेलियात, १९९८ मध्ये, रिझार्डो, मोड आणि थांग यांच्या गटाने प्रसिद्ध केला. या मार्गांतही काही साखळ्या मरतातच. म्हणून त्यांना सरसकट जिवंत न म्हणता, उलटसुलट होणाऱ्या निष्क्रियतेचे बहुवारिकीकरण अशा आशयाचे नाव वापरावे, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय रसायन संघाने २०१० मध्ये केली.

या पद्धतींत आरंभक निवडून साखळीच्या एका टोकास हवा तो गट बसविता येतो. दुसऱ्या टोकावर टोपण तसेच शिल्लक असते. तेथे नवा खंड वाढविता येतो किंवा दुसरा गट जोडता येतो. कार्यकारी बहुवारिके घडविण्याची ही गुरुकिल्ली होय.

महाराष्ट्रातील कार्य

या विद्येशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. मुंबईत १९३३ मध्ये विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू झाला. आज तीच रसायन तंत्रज्ञान संस्था होय. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन जानेवारी १९५० मध्ये झाले. तेथे डॉ. एस. शिवराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऋणायनी पद्धतीने मेथाक्रिलेट वर्गातील बहुवारिकांचे नियंत्रण व साखळीच्या टोकास कार्यकारी गट जोडणे या विषयांवर महत्त्वाचे संशोधन केले. पाणी शोषून धरणारे 'जलशक्ती' हे बहुवारिकही याच प्रयोगशाळेतून पुढे आले. कोरडवाहू शेतीस त्याचा उपयोग व्हावा, हा त्यामागील हेतू होता. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या साखळ्या प्रारणाच्या साहाय्याने एकमेकींत गुंफून भाजलेल्या जखमांवर ठेवावयाची जेल-पट्टी विकसित केली.

खुद्द तारापूरशी संबंधित उदाहरण आहे ते आयन-विनिमय राळेचे. तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ मध्ये कार्यान्वित झाले. त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या आहेत. अशा भट्टीत फिरणारे पाणी अत्यंत शुद्ध असावे लागते, कारण पाण्यातील क्षार धातू गंजवितात आणि भट्टीतून जाताना किरणोत्सारी बनू शकतात. हे क्षार पकडण्याचे काम राळेचे मोहरीएवढे व त्याहून लहान मणी करतात. स्टायरीन आणि डायव्हिनाइल बेंझीन यांचे थेंब पाण्यात ढवळत ठेवून त्यांचे बहुवारिकीकरण केले, की मणी तयार होतात. पुढे गंधकाम्लाच्या क्रियेने त्यांवर आम्लगट बसवितात. येथील बहुवारिकीकरण साध्या मुक्त मूलक पद्धतीचे असते. नियंत्रण असते ते मण्याच्या आकारावर आणि साखळ्या किती घट्ट गुंफावयाच्या त्या प्रमाणावर. घरातील जड पाणी मृदू करणाऱ्या यंत्रातही याच जातीचे मणी असतात.

उष्णतेचा प्रश्न

आता त्या भगिनीच्या प्रश्नाचा दुसरा भाग, टाक्या आणि बंदी यांविषयीचा. एकवारिके जोडली जाताना उष्णता बाहेर पडते. एक किलो स्टायरीनचे बहुवारिक होताना सुमारे ६७० किलोज्यूल उष्णता निघते. तेवढ्या उष्णतेत दोन लिटर पाणी उकळीला येईल. ती वेळीच काढून घेतली नाही, तर तापमान वाढते, तापमानाबरोबर क्रियेचा वेग वाढतो, वेगाबरोबर पुन्हा उष्णता वाढते. क्रिया मग हाताबाहेर जाते. नियंत्रित पद्धतींत क्रिया सावकाश चालत असल्याने उष्णता काढून घेण्यास उसंत मिळते. मात्र एकूण उष्णता तेवढीच राहते. 'नियंत्रित' हा शब्द साखळीच्या लांबीविषयी आहे, कारखान्याच्या सुरक्षिततेविषयी नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

केवळ साठवणही धोक्याची ठरू शकते. ७ मे २०२० रोजी पहाटे विशाखापट्टणमजवळच्या एका कारखान्यातील टाकीत साठविलेले स्टायरीन आपोआप बहुवारिक होऊ लागले आणि तापले. बाहेर पडलेल्या वाफेने शेजारच्या वस्तीतील माणसे झोपेतच गुदमरली. या दुर्घटनेत बारा जण दगावले. टाळेबंदीत कारखाना बंद होता, परंतु टाकी भरलेली होती. अशा टाकीतील द्रव थंड ठेवावा लागतो, सर्वत्र सारखा फिरता ठेवावा लागतो आणि त्यात क्रिया रोखणारे निरोधक द्रव्य पुरेसे आहे की नाही हे वारंवार तपासावे लागते. यंत्रे थांबली म्हणजे रसायन थांबले असे होत नाही.

पाणी आणि खाडी

तारापूर परिसराचा दुसरा जिव्हाळ्याचा प्रश्न सांडपाण्याचा आहे. वसाहतीचे प्रक्रिया केलेले सांडपाणी नवापूरजवळ समुद्रात सोडले जाते. मुरबे, सातपाटी, दांडी, नवापूर येथील मच्छीमार कुटुंबांची भाकरी याच खाड्यांवर आणि किनाऱ्यावर अवलंबून आहे. प्रदूषणाविरुद्ध मांगेला समाजाच्या परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, आणि २०२२ मध्ये लवादाने पर्यावरणीय भरपाईविषयी निकाल दिला. खाडीतील मासळी हा किनाऱ्यावरील गावांसाठी अभ्यासाचा विषय नसून रोजच्या चुलीचा विषय आहे.

कार्यकारी बहुवारिके येथे काही प्रमाणात उपयोगी पडतात. सांडपाण्यातील बारीक गाळ आपोआप खाली बसत नाही. विद्युत्भारित गट असलेली पॉलिअॅक्रिलमाइडसारखी लांब साखळी अनेक कणांना एकत्र बांधते आणि गाळ लवकर बसतो. काही राळा धातू व रंग शोषून घेतात. परंतु ही साधने पाण्यात विरघळलेले सर्व काही काढून टाकत नाहीत, आणि जे पकडले गेले ते गाळाच्या वा वापरलेल्या राळेच्या रूपाने शिल्लक राहतेच. त्याची विल्हेवाट हा वेगळा खर्च आणि वेगळी जबाबदारी असते.

नियंत्रित पद्धतीही सर्वस्वी निर्दोष नाहीत. तांब्याच्या मार्गात सुरुवातीला धातू बराच लागे आणि मालात व धुवणाच्या पाण्यात तो उतरे. आता दशलक्ष भागांत काही भाग इतक्या तांब्यावरही क्रिया चालविता येते. गंधकाच्या मार्गात मालाला रंग येतो, आणि कधी वासही. त्यामुळे कोणत्याही नव्या प्रक्रियेचे स्वागत करताना तिच्यातून काय बाहेर पडणार, हे आधी विचारले पाहिजे.

आपण काय करू शकतो?

केंद्र शासनाच्या १९८९ च्या घातक रसायनविषयक नियमांनुसार, मोठ्या प्रमाणावर अशी रसायने साठविणाऱ्या कारखान्याने आसपासच्या लोकांना धोक्याचे स्वरूप आणि अपघाताच्या वेळी काय करावे व काय करू नये हे कळविणे बंधनकारक आहे. १९९६ च्या रासायनिक अपघातविषयक नियमांनी स्थानिक आपत्ती गटाची तरतूद केली असून त्यात सरपंच किंवा ग्रामपंचायतीच्या प्रतिनिधीस स्थान आहे. हे स्थान कागदावर राहू नये. प्रतिनिधीने बैठकीत चार साधे प्रश्न विचारावेत : आमच्या गावाजवळ कोणते रसायन किती साठविले आहे? वीज गेली तर ते थंड कसे ठेवणार? भोंगा वाजला तर लोकांनी कोणत्या दिशेला जावयाचे? आणि सांडपाण्यात व गाळात काय जाते? या प्रश्नांना रसायनशास्त्राची पदवी लागत नाही.

शिक्षकांनी तारपा नाच आणि वरील गणित वर्गात जरूर घ्यावे. मुलांना मैदानात उभे करून रांग वाढवून दाखवावी. मग दोन रांगांची टोके जोडली की काय होते, तेही दाखवावे. आज कारखान्यात पिंपे उचलणाऱ्या कामगाराची मुलगी उद्या त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत बसावयाची असेल, तर तिची पहिली पायरी गावच्या शाळेतच आहे. अधिकारी वर्गाने सुरक्षेची माहितीपत्रके मराठीत, आणि शक्य तेथे वारलीसारख्या बोलींतही, पाड्यापाड्यांवर पोहोचवावीत.

त्या सदस्या भगिनीला आता असे सांगता येईल : ताई, पिशवी हे पॉलिमरचे एक रूप आहे. त्याची इतर रूपे पाणी शुद्ध करतात, जखम झाकतात आणि रस्ता टिकवितात. वासाचे आणि टाक्यांचे मात्र तुम्ही विचारलेत ते योग्यच केलेत. तो प्रश्न पुढच्या बैठकीतही विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.